विषय : नातीच्या चित्रांचे जतन व प्रेषण

प्रति,
जावईबापू, मुक्काम बंगळुरू

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, गेल्या दिवाळीपासून आपणाकडून प्राप्त होणारी चित्रे ही चित्रे नसून चित्रांचे फोटो आहेत, आणि तेही धड नाहीत. निम्नस्वाक्षरीकाराची हयात सरकारी अभिलेख कक्षात गेली आहे. वाळवी, उंदीर आणि बदलून येणारे साहेब, या तिघांपासून कागद कसा वाचवायचा ते त्याला ठाऊक आहे. सबब, खालील सूचनांचे काटेकोर पालन व्हावे.

कलम १ : वर्गवारी. सरकारात ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं आणि ‘ड’ वर्षभरानं रद्दीत. तुमच्याकडे सगळंच ‘अ’. पेन चालतं का बघायला पोरीनं ओढलेली रेघसुद्धा तुमच्या त्या अल्बममध्ये चढते, आणि मग एवढ्या ढिगातून काही शोधायला कुणी जात नाही.

‘अ’ वर्गात काय जावं? डोक्यालाच थेट पाय फुटलेला पहिला माणूस. जगभरची पोरं तीन-चार वर्षांची झाली की असाच माणूस काढतात, आणि एक दिवस त्याला पोट येतं की तो गेला तो गेलाच, पुन्हा काढा म्हटलं तरी येत नाही. उलट्या अक्षरांत लिहिलेलं स्वतःचं नाव. रागावून काढलेलं कुठलंही चित्र. याउलट शाळेतून छापून आलेलं सफरचंद रेघेच्या आत नीट रंगवलं असेल, तर ते ‘ड’. त्यात आमच्या नातीचा वाटा फक्त लाल रंगाचा.

दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक नारळ आणि आकाशात ४ च्या आकड्यांचे पक्षी, हे चित्र मी काढलं, तुमच्या सासूबाईंनी काढलं, तुम्हीही काढलं असणार. नातीनं काढलं की एक प्रत तारखेसह ठेवावी. चित्रकलेचा क्लास नेमका कधी लागला, याचा तो पुरावा असतो.

कलम २ : फोटो. तुम्ही फोटो काढता रात्री, जेवणाच्या टेबलावर, उभ्यानं, ट्यूबलाइटकडे पाठ करून. किल्ल्याच्या चित्रात शिवाजी महाराजांच्या मागे जो मोठा काळा ढग आला आहे, तो नातीनं काढलेला नाही. ते तुम्ही आहात.

हे लक्षात आणून दिल्यावर तुम्ही कागदपत्रं स्कॅन करायचं ॲप वापरू लागलात. ते आधारकार्डासाठी आहे हो! त्याला कागद पांढरा आणि अक्षर काळं एवढंच कळतं. फिकट काही दिसलं की डाग समजून ते पुसून टाकतं, आणि पोरांचा सूर्य नेमका फिकट पिवळा असतो. परवाच्या चित्रात पाच माणसं कपाळावर आडवा हात धरून कोऱ्या आकाशाकडे बघत उभी आहेत. ती काय बघताहेत यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा झाली.

तरी पुढीलप्रमाणे करावे. वेळ सकाळची, जागा गॅलरी, पण थेट उन्हात नाही. सावलीतला उजेड सगळ्यात चांगला. फ्लॅश बंद. कागद जमिनीवर ठेवून खाली गडद पुठ्ठा सरकवावा, म्हणजे कडा स्पष्ट दिसतात. मोबाइल कागदाला समांतर धरावा, तिरका धरला की चौकोनी घर पडायला आल्यासारखं दिसतं. फार जवळ जाऊ नये. थोडं वर धरून झूम केलेलं बरं. आणि कडा कापू नयेत. फाटलेलं टोक, चहाचा गोल डाग, वहीच्या पिनेची भोकं हा सगळा दस्तऐवजाचा भाग आहे.

ऑफिसातला स्कॅनर मिळत असेल तर ३०० डीपीआय पुरे, तिकिटाएवढ्या चिठोऱ्याला ६००. मात्र तेली खडू काचेवर उतरतो आणि मागाहून येणाऱ्याचं पॅनकार्ड गुलाबी होतं. चमकी लावलेलं चित्र स्कॅनरमध्ये कदापि घालू नये.

कलम ३ : रंग ‘सुधारू’ नयेत. हत्ती जांभळा आहे म्हणजे जांभळा आहे.

कलम ४ : मागची बाजू. दोन्ही बाजूंचे फोटो हवेत. तुम्ही म्हणाल, मागं नुसतं वीजबिल आहे. पण चार्ल्स डार्विनच्या पोरांनी बापाच्या हस्तलिखिताच्या पाठकोऱ्या कागदांवर चित्रं काढली. एकात फळाभाज्यांच्या शिपायांची लढाई चालली आहे. १८५९ साली त्या हस्तलिखिताचं पुस्तक छापून निघालं, जगभर गाजलं, आणि मूळ हस्तलिखिताची बहुतेक पानं गहाळ झाली. जी थोडी उरली, त्यांतली काही केवळ पोरांच्या चित्रांपायी घरच्यांनी जपली म्हणून उरली. तेव्हा तुमच्या वीजबिलालाही बरे दिवस येऊ शकतात.

कलम ५ : जबाब. चित्र काढून होताच कलाकाराचा जबाब घ्यावा. ‘हे काय आहे?’ असं विचारू नये. त्याचा अर्थ ‘मला काही कळलं नाही’ असा होतो, आणि तो तिला बरोबर कळतो. ‘मला सांग ना याच्याबद्दल’ म्हणावं आणि गप्प बसावं. ती जे बोलेल ते जसंच्या तसं, मध्ये कानडी शब्द आला तर त्यासकट, पेन्सिलनं मागं लिहावं. शाईपेन नको, पुढं उमटतं. आमच्या लेकीनं मागच्या महिन्यात एकाच चित्राच्या मागं असं लिहून पाठवलं : ‘हा चौकोन म्हणजे बाबा. तो मीटिंगमध्ये आहे.’ हे चित्र आम्ही ‘अ’ वर्गात टाकलं आहे.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलच्या नावातली तारीख ती फाइल कधी आली याची असते, चित्र कधी काढलं याची नव्हे. सरकारी भाषेत सांगायचं तर आवक क्रमांक म्हणजे जन्मतारीख नव्हे.

कलम ६ : प्रेषण. तुम्ही लिंक पाठवता. लिंक उघडली की ती ‘परवानगी मागा’ म्हणते. माझ्या नातीनं काढलेला जांभळा हत्ती बघायला मी कुठल्या कंपनीकडे अर्ज करू? आणि तिच्या आजीनं करावा का? तिला तो हत्ती शेजारच्या काकूंना दाखवायचा असतो, आत्ताच्या आत्ता, कुकरची शिटी व्हायच्या आत. लिंक नको, चित्र पाठवा. साध्या फोटोसारखं पाठवलं तर ते बारीक होऊन येतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं येतं. पण तसं पाठवताना फोटोत नोंदलेलं ठिकाणही सोबत जाऊ शकतं. आम्हाला तुमचा पत्ता माहीत आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना मात्र ते काढून टाका, आणि चित्रातल्या गणवेशावर शाळेचं नाव असेल तर तेही झाका.

त्याआधी नातीला विचारा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात घरगुती वापराला सूट आहे, म्हणून तुम्ही सुटलात. पण तिनं ‘हे फक्त आजीसाठी’ म्हटलेलं चित्र तुम्ही कॉलेजच्या मित्रांना पाठवलंत आणि खाली हसण्याची चिन्हं घेतलीत, हे आमच्या कानावर आलं आहे.

कलम ७ : प्रती. तुमच्याच व्यवसायातला नियम आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे आमचं सांगलीचं घर. आणि तिथली प्रत म्हणजे मूळ कागद. फोटो निघाला की कागद कचऱ्यात, ही तुमची पद्धत तात्काळ बंद करण्यात यावी. रशियात नोव्हगोरोदला तेराव्या शतकात ओन्फिम नावाचा सहा-सात वर्षांचा मुलगा होता. अक्षरं गिरवायचा कंटाळा आला की भूर्जाच्या सालीवर स्वतःला घोड्यावर बसवून शत्रूला भाला खुपसताना काढायचा. हाताला बोटं येतील तेवढी. त्या साली ओल्या चिखलात पडून राहिल्या आणि १९५६ मध्ये उत्खननात जशाच्या तशा सापडल्या. तुमचा मागचा मोबाइल बादलीत पडला तेव्हा त्यातलं काय सापडलं?

कागद पाठवताना घडी नको, गुंडाळी करावी. तेली खडूच्या चित्रावर बटर पेपर. लॅमिनेशन मुळीच नको. उष्णतेनं खडू वितळतो आणि एकदा चिकटलेलं पुन्हा सुटत नाही. आमच्याकडे लोखंडी कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला आहे. त्यात पूर्वी माझे स्वेटर होते.

कलम ८ : तक्रार. दिनांक ९ च्या चित्रात तिची आजी इमारतीएवढी आहे, मांजर तिच्या कमरेपर्यंत आहे आणि मी उजव्या कोपऱ्यात मांजराच्या पंजाएवढा आहे. बालचित्रांवर १९४७ साली मोठं पुस्तक लिहिणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड सांगतात की, पोरं माणसाला उंचीप्रमाणे नव्हे, तर महत्त्वाप्रमाणे मोठं काढतात. याबाबत नातीचा खुलासा येत्या रविवारी फोनवर घेण्यात येईल. त्यावेळी आपण मध्ये बोलू नये, आणि तिला उत्तरही पढवू नये.

कळावे,
आपला सासरा

प्रत माहितीसाठी : नातीची आजी. (यांनी वाचून ‘ती मोजपट्टी खाली ठेवा आधी’ असा शेरा मारला आहे.)