साडेतीन टनांची अक्कल

१६ डिसेंबर २०२१ रोजी ब्रिटनमध्ये एक चमत्कार झाला. १ जानेवारी १९९७ पासून पुढे मोटारीचा परवाना काढलेल्यांना जड कॅरव्हॅन ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. त्या दिवशी या साऱ्यांना साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची अक्कल आपोआप आली. कारण सरकारनेही लपवलं नाही. ट्रकचालकांचा तुटवडा होता, त्यांच्या चाचण्यांना परीक्षक पुरत नव्हते, म्हणून ट्रेलरची परीक्षाच मोडीत काढली. दवाखान्यात गर्दी झाली म्हणून रांगेतल्यांना बरे झाल्याचे दाखले वाटावेत, तसा हा प्रकार.

यावर उत्तर तयार असतं: १९९७ पूर्वीच्या परवानेधारकांना तर मोटार आणि ट्रेलर मिळून सव्वाआठ टनांची मुभा आहे, तेही विनापरीक्षा. आहे ना, पण जुनी ढिलाई नव्या ढिलाईचं समर्थन कधीपासून झाली? दुसरं उत्तर असं, की प्रशिक्षण घ्या हा सल्ला सरकार देतंच. तो मानतो कोण? आपल्याला येत नाही हे ज्याला कळतं, तो. घोर असतो उरलेल्यांचा. परीक्षेत ट्रेलर सोडून पुन्हा जोडावा लागे, रिव्हर्स घेऊन दाखवावा लागे. रिव्हर्समध्ये ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं असतं. सामान मागच्या टोकाला जास्त भरलं, की वेगात कॅरव्हॅन डोलू लागते आणि मोटारीलाही ओढून नेते. या नियमबदलाची प्रत भौतिकशास्त्राला बहुधा मिळालेली नाही. परीक्षक कमी होते, तर परीक्षक नेमायचे होते.