गाडीले वजन पाह्यजे!

पिकअपचा मालक आणि ड्रायव्हर एकच असला, की गाडी धक्के देते हे त्याच्या तोंडावर म्हणायची सोय नसते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे असे भाऊ गावोगाव भेटतात. जाताना धान, येताना सिमेंट, लग्नसराईत आंदणाचं सामान. "गाडी मस्त हाये जी, रिकामी हाये म्हणून उसळते," हे ते खड्डा येण्याआधीच सांगून टाकतात. गोंडपिपरीच्या पुढे बोलायला तोंड उघडलं, तर जीभ चावली जाते.

तत्त्व खोटं नाही. मागचे कमानपाटे टन-दीड टन माल पेलायला घडवलेले. माल नसला की ते वाकायचं नाव घेत नाहीत. खड्डा जसा आला तसा तुमच्या मणक्याकडे रवाना करतात. म्हणून भाऊंचा अर्धा जन्म वजन गोळा करण्यात जातो. आधी त्यांनी मागे रेतीची पोती टाकली. पावसाळ्यात त्यांत गवत उगवलं आणि गावच्या शेळ्या डाल्यात चढू लागल्या. तेव्हापासून त्यांनी पाहुण्यांवर भिस्त ठेवली आहे. कोणाला सोडायला निघाले, की "दोन कट्टे तांदूळ घेऊन जा न जी! सरपण नेता का?" लोक त्यांना दिलदार म्हणतात. वहिनी दारातूनच म्हणतात, "दिलदार कायचे? तांदूळ नाही तो, शॉकप हाये!"

रस्ता मोजायची त्यांची पद्धत खर्ऱ्याची. पन्नीत खर्रा घोटायला एक हात मोकळा सोडता आला, तर रस्ता चांगला. आष्टीला वैनगंगा ओलांडून आलापल्लीकडे वळलं, की पन्नी खिशात जाते. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून येऊ लागले, की भाऊ काच वर करतात आणि धुळीतच व्याख्यान देतात. "आपल्या बल्लारशाहून सागवान निघालं २०२३ मध्ये, थेट अयोध्येले पोचलं. अन् आपल्याले आलापल्ली गाठता येत नाही!" तक्रार रस्त्याची, पण त्याच रस्त्याला बाहेरच्या माणसाने नावं ठेवली, तर म्हणतात, "मांगच्या पावसापेक्षा बरा हाये."

वेगाविषयीही त्यांचं शास्त्र आहे. "हळू गेलं तं खड्डा समजते. दाबून गेलं तं गाडी वरच्यावर जाते." वरच्यावर गेलेली गाडी कधीतरी खाली येणार, हा भाग त्यांच्या शास्त्रात बसत नाही. पाटा तुटला की गॅरेजवाल्यावर खापर, आणि नवा घालताना, "एक जास्तीचा टाक बापा." म्हणजे गाडी आणखी ताठ, म्हणजे आणखी कट्टे.

एकदा आलापल्लीच्या लग्नाला आंदणाचं आरशाचं कपाट न्यायचं होतं. भाऊंनी धानाचे कट्टे चहूबाजूंनी रचले, गोधड्या कोंबल्या, दोर आवळला आणि मला शेजारी बसवलं. पोचेपर्यंत माझं डोकं टपाला किती वेळा लागलं ते टपालाच ठाऊक. वरातीसमोर कपाट उतरवलं. आरशाला ओरखडा नाही! नवरीकडच्यांनी भाऊंच्या कपाळाला गुलाल लावला. मी कंबर धरून उतरलो, तर भाऊ काळजीने म्हणाले,

"तुम्ही समोर काहून बसले जी? मांगे कट्ट्यायमंदी जागा होती न!"