बोंबिलाचा वार्षिक हिशेब

बर्लिन,
20 जुलै 2025

तीर्थरूप आईस,


दादा हस्की आणायला निघालाय, वहिनी रुसून बसलीय आणि बाबा नेहमीप्रमाणे बंदरावर निघून गेलेत, हे सगळं कळलं. तुझं म्हणणं, मी आमच्या कुत्र्याचा खर्च लिहून पाठवावा. फोनवर आकडे सांगितले की दादा "ते तिकडचं" म्हणून उडवून लावतो, म्हणून हा कागद. वहिनीने तो फ्रिजवर चिकटवावा. युरोला शंभर रुपये धर, म्हणजे बाबांना कॅलक्युलेटर लागणार नाही.

सुरुवात सरकारपासून. इथे कुत्र्यावर कर आहे. हसू नकोस. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो आणि दुसरा पाळलास तर त्याला 180. आपल्याकडे दोन पापलेटं घेतली की कोळीण भाव कमी करते, इथलं सरकार वाढवतं. बोंबील घरी आल्यावर महिन्याच्या आत टॅक्स ऑफिसला कळवावं लागलं. (हो, त्याचं नाव बोंबील. लांबट, पांढुरका आणि सोफ्यावर पसरला की अंगात हाड आहे असं वाटतच नाही. तुझ्या नातवाने ठेवलं.)

हा कर जुना आहे. नेपोलियनने प्रशियाला हरवून खंडणी लादली, तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा 1810 साली तिथल्या सरकारने चैनीवर कर बसवला: घोडे, बग्ग्या, घरगडी आणि कुत्री. नेपोलियन गेला, प्रशियाही गेला, कुत्र्यावरचा कर मात्र फिरून फिरून परत आला. आणि तो पैसा कुत्र्यांवरच खर्चावा असं बंधनही नाही, सरळ तिजोरीत जातो. आपल्या मुंबईत पुढे वीसेक वर्षांनी उलटा कारभार होता. 1832 साली भटकं कुत्रं मारणाऱ्या शिपायाला कुत्र्यामागे आठ आणे मिळायचे. पारशी मंडळी खवळली, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीची रसद अडली. मुंबई बंद करायचा पहिला मान बहुतेक कुत्र्यांचाच.

इथे गावागणिक दर वेगळा. हॅम्बुर्गला 90 युरो. फ्रँकफुर्टला खेटून एशबोर्न नावाचं गाव आहे, तिथे कुत्र्यावर करच नाही. हे वाचल्यापासून तुझे जावई "एशबोर्नला राहायला जाऊ" म्हणत होते. नोकरी बर्लिनमध्ये आणि मध्ये साडेपाचशे किलोमीटर, हे मी नकाशावर बोट ठेवून दाखवलं तेव्हा गप्प झाले. हॅनोव्हरकडे तर पहिल्यांदाच कुत्रा घेणाऱ्या मालकाला आधी लेखी परीक्षा द्यावी लागते, मग वर्षभरात प्रात्यक्षिक. दादाला दहावीचं गणित आठवत असेलच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कर भरून सुटका होत नाही. कुत्र्याच्या कातडीखाली चिप बसवायची, मग शहराच्या कुत्रा-नोंदणीत नाव घालायचं, त्याचे ऑनलाइन 17.50 युरो. त्याशिवाय विमा सक्तीचा. बोंबील कोणाला चावला, कोणाची सायकल पाडली, तर भरपाईसाठी कमीत कमी दहा लाख युरोंचं संरक्षण हवं. हप्ता वर्षाला साठेक युरो आहे, पण तुझ्या जावयांना लागलंय ते वेगळंच. त्यांच्या स्वतःच्या पॉलिसीचा आकडा बोंबिलापेक्षा कमी आहे. शिवाय फिरायला नेताना खिशात पिशवी ठेवावीच लागते, तसा कायदाच आहे. इंजिनिअर जावई रोज सकाळी वाकून काय उचलतात, ते शेजारच्या काकूंना सांगू नकोस. लग्नात त्यांनी फार कौतुक केलं होतं.

आता डॉक्टर. जनावरांच्या डॉक्टरांची फी इथे सरकारी दरपत्रकात छापलेली असते. नोव्हेंबर 2022 मध्ये ते दर वाढवले. कुत्र्याला नुसतं तपासायचे 23.62 युरो, वर 19 टक्के कर, आणि हा सगळ्यात खालचा दर. डॉक्टर तिप्पट लावू शकतात. रात्री-अपरात्री किंवा रविवारी गेलं तर कमीत कमी दुप्पट, शिवाय 50 युरो वेगळे. कुत्र्यांना हे दरपत्रक पाठ असावं, कारण ती रविवारीच आजारी पडतात.

तू मार्चमध्ये दिलेले सुके बोंबील आठवतात? दूध-तूप-पेढे युरोपात आणता येत नाहीत, पण मासळी माणशी 20 किलोपर्यंत चालते, म्हणून मी ताठ मानेने आणले होते. ते आमच्या बोंबिलाने एका रविवारी रात्री पिशवीसकट फस्त केले. पोट टम्म फुगलं, डोळे पांढरे, नातवाने रडून इमारत जागी केली. धावत दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "जास्त खाल्लंय." बिल दीडशे युरो. पंधरा हजार रुपये आणि वर माझे बोंबील गेले, ते कुठल्याच दरपत्रकात नाहीत.

राहिला तो नारळी पौर्णिमेला आम्ही तिकडे येण्याचा प्रश्न. "कुत्र्यालाही घेऊन या" म्हणतेस. आणायला भारत सरकारची आगाऊ परवानगी लागते. परत युरोपात शिरायचं तर रेबीजची लस टोचून अंगात पुरेशी ताकद आली की नाही, याची रक्ततपासणी लागते, आणि ती निघायच्या आधी इथेच केली नाही तर भारतात रक्त दिल्यावर तीन महिने थांबा. तोवर बोंबील आपल्या माहुलचा मतदार होईल. म्हणून त्याला इथल्या कुत्र्यांच्या वसतिगृहात ठेवायचं, रात्रीला 30 युरो. तीन आठवड्यांचे 630. आम्ही तुमच्याकडे फुकट जेवणार आणि हा इथे भाड्याने राहणार.

तर वर्षाची बेरीज अशी: कर 120, विमा 60, खाणं 720, नेहमीच्या लशी-तपासण्या 150, रविवारचा पराक्रम 150, वसतिगृह 630. एकूण 1,830 युरो. म्हणजे एक लाख त्र्याऐंशी हजार रुपये. यात कुरतडलेली चप्पल धरलेली नाही.

आता आपल्या गल्लीतला काळ्या घे. सकाळची चपाती तुझ्या दारात, दुपारी मासळीची डोकी कोपऱ्यावरच्या मावशीकडे, रात्री मुक्काम बंदरावर जाळ्यांच्या ढिगात. पालिकेच्या गाडीने नेऊन नसबंदी केली, लस टोचली, कानाला खाच पाडून नियमाप्रमाणे होता तिथेच आणून सोडला. त्याचा खर्च कोणाला विचारलास तर सगळे म्हणतील, "कसला खर्च?" खर्च आहेच, पण तो अख्ख्या गल्लीत आणि पालिकेत वाटला गेलाय. माझा बोंबील एकट्या माझ्या पासबुकात बसलाय, एवढाच फरक.

दादाची हस्की काळ्यासारखी वाटली जाणार नाही, ती त्याच्याच पासबुकात बसणार. ती जात सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडलेली, अंगावर केसांचे दोन थर. माहुलच्या मे महिन्यात तिला दिवसभर एसी लागेल. तुम्ही सगळे हॉलमध्ये पंख्याखाली आणि ती आतल्या खोलीत गारव्याला. विजेचं बिल आलं की वहिनी पुन्हा रुसेल, आणि तेव्हा मी तिच्याच बाजूने असेन. त्यात पोटभर पळायला तिला रोज मोकळं मैदान हवं. दादा स्वतः शेवटचा कधी पळाला, विचार त्याला.

कुत्रा पाळू नकोस असं मी म्हणत नाही. बंदरावर पिल्लं असतातच, त्यातलं एक घे म्हणावं. आपल्या हवेत जन्मलेलं, एसीचं नावही न ऐकलेलं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे दरवर्षी. वेळेवर नसबंदी. पाळीव कुत्र्याला पालिकेचं लायसन्स लागतं, तेही काढायचं, "आपल्या गावठाणात कोण विचारतंय" म्हणायचं नाही. अडीनडीला परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम वेगळ्या डब्यात टाकायची. तो डबा वहिनीच्या ताब्यात.

हस्कीचा ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नको म्हणून सांग. दिला असेल तर आकडा मला कळव, वहिनीला नको.

बाबांना नमस्कार, छोट्यांना आशीर्वाद.

तुझी,
बाय