थांबकर काका

आमच्या कॉलनीत कुणी ‘स्वस्तातला छोटासा कॉम्प्युटर घ्यावा म्हणतोय’ असं नुसतं पुटपुटलं, की जिन्यात चपला वाजतात. थांबकर काका! खरं आडनाव वेगळं आहे. पण दर वाक्याआधी ‘थांबा जरा’ म्हणणाऱ्याला दुसरं कुठलं शोभणार?

“थांबा जरा. काम काय करणार त्याच्यावर?”

“लाइट बिल, रेल्वेचं तिकीट, नातवाशी व्हिडिओ कॉल.”

एवढ्या भांडवलावर काका चहाचे दोन कप संपवतात. 64 जीबीचा लॅपटॉप ते उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. “विंडोज 11 ची किमान मागणीच 64 जीबी! तुमच्या फोटोंनी काय गॅलरीत झोपायचं?” रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर 2012 साली 35 डॉलरला निघाला, तेव्हा काकांनी कीबोर्ड, माउस, चार्जर, मेमरी कार्ड, केबल अशी बेरीज डायरीत मांडली. ती डायरी ते अजून दाखवतात.

खरे काका पाहायचे ते बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास. स्थळ बघायला निघालेल्या मामाचा रुबाब, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

“साहेब, आय सेव्हन आहे. तुम्हाला म्हणून नऊ हजार.”

काका डबा उलटा करतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि मोबाइलच्या उजेडात लेबल वाचतात.

“जनरेशन कितवं?”

दुकानदार पंख्याकडे बघतो. “तिसरं.”

“मग पणजोबा म्हणा की! आठव्याच्या खाली इंटेलला विंडोज 11 दारात उभं करत नाही. आणि विंडोज 10 चा शिधा तर 14 ऑक्टोबर 2025 लाच बंद झाला.”

माणूस चक्रम असला तरी ज्ञान पक्कं, हे मान्य केलं पाहिजे. कंपन्यांनी काढून टाकलेले, जाड पुस्तकाएवढे ऑफिसचे डबे ही त्यांची खास आवड. ते उघडून रॅमच्या खाचा मोजतात, आत एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क ते बघतात, चार्जर मूळचाच आहे ना, हे दोनदा विचारतात. त्यांच्या शब्दावर घेतलेले डबे कॉलनीत घरोघरी मॉनिटरच्या पाठीला चिकटून बिनतक्रार चालतायत.

एक घर सोडून. काकांच्या स्वतःच्या टॉवरची एक बाजू कायमची उघडी असते. तो तापला, की काकू टेबल फॅन फिरवून त्याच्याकडे करतात आणि स्वतः पदराने वारा घेत भिशीचा हिशेब लिहितात. नवीन का नाही? काका एन 100 घेणार होते, 6 वॅटचा प्रोसेसर, महावितरणच्या दराने बचतही काढून झाली होती; तेवढ्यात एन 150 आला. “थांबा जरा, आता जुन्याचे भाव पडतील.” कॉम्प्युटर दरवर्षी स्वस्तच होतो, ही काकांची एकमेव श्रद्धा.

आणि 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, रॅमचे भाव भडकले. काकूंनी पेपर पुढे सरकवला. “तेव्हाच घेतला असतात तर?”

काकांनी बातमी शेवटपर्यंत वाचली. चेहरा उजळला.

“बघ! या भावात शहाणा माणूस घेईल का? थांब जरा, उतरू दे.”