पन्नासचा आदेश परत काढा!

कोरोनाच्या काळात सरकारने आदेश काढले शेकड्यांनी. त्यांतला एकच गोरगरिबांच्या खऱ्या फायद्याचा होता, आणि नेमका तोच सरकारने मागे घेतला. लग्नाला माणसं पन्नास! मे २०२० मध्ये दिल्लीहून निघालेल्या त्या एका ओळीने सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम या पट्ट्यातल्या किती बापांना सावकाराच्या पायरीपासून परत फिरवलं, याची नोंद कोणत्याही खात्याने ठेवली नाही. आणि आम्ही असे करंटे, की मास्क फेकला त्याच टोपलीत तो आदेशही फेकला.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून ताप्ती लाइनची गाडी धरायची आणि सुरतेच्या अलीकडे उधन्याला उतरायचं, हा आम्हा खान्देशी माणसांचा पिढीजात प्रवास. पुरुष लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बारा तासांची पाळी करतो, मजुरी मीटरवर. बाई घरी बसून साड्यांना लेस लावते, स्टोन चिकटवते. त्यातून उरलेल्या पैशांत बारसं, जाऊळ, साखरपुडा, हळद, लग्न, साठीशांत एवढं सगळं ‘रीतीप्रमाणे’ करायचं. रीत म्हणजे समाजाची वाडी (मंगल कार्यालय), डीजे, टॉवेल-टोपीचा मान आणि हजार पान. कायदा बिचारा फार गरीब मनाचा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याला लग्नासाठी तीन साक्षीदार पुरतात. आमच्याकडे नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचायलाच तीसजण लागतात आणि नाचता नाचता भांडायला आणखी तीस.

लग्न कोणाचं आहे, हे आमच्या पत्रिकेवरून चटकन कळत नाही. वरती कुलदैवत, त्याखाली थोर पुरुष, मग नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो. त्यानंतर आपले नम्र, निमंत्रक, कार्यवाहक, समस्त भाऊबंद आणि मित्रमंडळ. तळाशी ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी बारकी पलटण. या गर्दीत कुठेतरी वधूवरही असतात. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात भटजीविना, थोडक्या खर्चात पहिलं सत्यशोधक लग्न लावून दाखवलं. आज त्याच फुल्यांचा फोटो पत्रिकेच्या माथ्यावर छापतात आणि खाली मोठ्या अक्षरांत हळदीच्या डीजेचं नाव. फोटो ऑफसेटवर छापलेला असल्यामुळे त्यांना मान फिरवता येत नाही, एवढंच.

तर २०२० साली आमच्या शेजारच्या आप्पांच्या मुलीचं लग्न आखाजीला धरलं होतं. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, त्या वर्षी २६ एप्रिलला आली आणि देश कुलूपबंद होता. गाड्या बंद, बाजार बंद, लूम बंद. लग्न पुढे गेलं. पुढे लिंबायत झोनमध्ये रुग्णांचे आकडे साऱ्या सुरतेत जास्त, गल्लोगल्ली बांबू आडवे, आणि अशात ही पन्नासची सवलत आली. आप्पा कपाळावर हात मारून म्हणाले, “पन्नासमा काय व्हस रे भो? सोयरा नाराज व्हतीन!”

मग यादी सुरू झाली. आहेराची जुनी वही निघाली. कोणत्या साली कोणी किती लिहिले, त्यावरून कोणाला बोलवायचं हे ठरतं. गुजराती शेजारी ज्याला चांदलो म्हणतो, तेच हे खातं. पहिल्या पानावरचे सख्खे भाऊबंद धरले तेव्हाच पन्नास उलटले. आप्पांनी वही मिटली, चहा प्याले, पुन्हा उघडली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज चढू लागलं. बांधावरून कोर्टात गेलेला चुलत चुलतभाऊ? काट! दर पंगतीत ‘बट्टी कच्ची राहिली’ म्हणणारा साडू? काट! मांडवात येऊन स्वतःच्या फटफटीच्या किमती सांगणारा मेहुणा? दोनदा काट! आणि प्रत्येकाला फोनवर एकच ओलं वाक्य: “काय करू, सरकारी नियम आहे. नाहीतर तुम्हाला सोडलं असतं का?” आयुष्यात पहिल्यांदा आप्पा सरकारवर मनापासून खूश झालेले मी पाहिले.

लग्न झालं तेही अघटित. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, ‘आहात तिथूनच आशीर्वाद द्यावेत’ अशी. मुहूर्त १२.३५ चा होता आणि लग्न १२.३५ लाच लागलं. आमच्याकडे १२.३५ चा अर्थ साधारण तीन वाजता असा असल्याने भटजीही गोंधळले. मंगलाष्टकं ऐकू आली. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी गरम असताना ताटात पडली. नवरी बसून पोटभर जेवली. कोणी रुसलं नाही, कारण रुसणाऱ्यांचं संपूर्ण खातं यादीतून आधीच उडालं होतं. पतपेढीचा कर्जाचा अर्ज आप्पांच्या कपाटात कोराच राहिला. चारच दिवसांनी ते उसासा टाकून म्हणाले, “मजा नाही आली.” मजा म्हणजे काय, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं: अंगावर कर्ज असल्याची ऊब.

आता कोणी म्हणेल, नियम सगळ्यांना सारखा होता. होता ना! २०२० च्या तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर सुरतेत रात्रीची संचारबंदी लागली, लग्नाची मर्यादा दोनशेवरून शंभरावर आली आणि डिसेंबरात लग्नाची नोंद डिजिटल गुजरात पोर्टलवर करा म्हणून फर्मान निघालं. इकडे आमची माणसं ओटीपीची वाट बघत बसली आणि तिकडे, याच ताप्ती लाइनवरच्या सोनगड तालुक्यात, डोसवाड्याला एका माजी मंत्र्यांच्या नातीचा साखरपुडा त्याआधीच होऊन गेला होता. गरब्याला जमलेल्यांचा आकडा बातम्यांनी सहा हजारांच्या घरात सांगितला. व्हिडिओ फिरला, गुन्हा दाखल झाला, माजी मंत्र्यांना अटकही झाली. तरी आप्पांना त्याचं दुःख एवढंच, की सहा हजारांत आपल्याला बोलावणं नव्हतं.

पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरत महापालिकेची निवडणूक आली. लग्नाला मर्यादा होतीच. प्रचारफेरीतली डोकी मोजणारं पोर्टल मात्र काही निघालं नाही. १२ मार्चला मोटेराच्या स्टेडियमवर क्रिकेटला साठ हजारांवर माणूस बसला. तेव्हा एका हुशार मुलाने सुचवलं होतं, की वराकडचे पन्नास आणि वधूकडचे पन्नास सोडून उरलेल्या वऱ्हाडाला पक्षाचे गमछे घालावेत. सूचना कायद्याच्या चौकटीत बसत होती.

एप्रिल २०२१ मध्ये तर गणित फारच रंगलं. १४ तारखेपासून गुजरातने लग्नाला पन्नास ठरवले. महाराष्ट्राने २२ तारखेपासून पंचवीस माणसं आणि दोन तास ठरवले, मोडल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड. आता आमची लग्नं नेहमी दोन राज्यांतली. मुलगी उधन्याची, मुलगा दोंडाईचा नाहीतर अमळनेरचा. वाटेत नवापूर स्टेशन आहे, त्याचा फलाट अर्धा गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. मधल्या बाकावरही सीमा रंगवलेली. बाकाच्या एका टोकाला पन्नास माणसं कायदेशीर आणि दुसऱ्या टोकाला सव्विसावा माणूस गुन्हेगार. मांडव तिथेच घालावा, भाऊबंद गुजरातच्या अंगाला बसवावेत आणि सासरच्यांना महाराष्ट्राच्या अंगाला दोन तासांत आटोपायला लावावं, असा ठराव आमच्या कट्ट्यावर एकमताने मंजूर झाला होता. रेल्वेकडे अर्ज करायचं तेवढं राहिलं.

इथपर्यंत हसलो. पण दिल्लीच्या त्या पहिल्या आदेशात आणखी एक आकडा होता: अंत्यविधीला वीस. लग्नाचे पन्नास मोडायला माणसांनी हजार युक्त्या काढल्या. हे वीस मोडायला कोणी पुढे आलं नाही. २०२१ च्या त्या एप्रिलात अश्विनीकुमार स्मशानभूमीत भट्ट्या रात्रंदिवस पेटत होत्या, सुरतेत गॅसच्या भट्ट्यांच्या लोखंडी जाळ्या वितळल्याच्या बातम्या आल्या, आणि कित्येक वर्षं बंद असलेली पालची स्मशानभूमी पुन्हा उघडावी लागली. वीसची परवानगी होती आणि चार खांदे मिळत नव्हते. उत्तरकार्य आणि गंधमुक्तीचा निरोपसुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर आला आणि त्याखाली ओळीने जोडलेले अंगठ्याएवढे पिवळे हात. आहेराच्या वहीत ज्यांची नावं शंभर-शंभर रुपयांसाठी जपून ठेवली होती, त्यांच्यातले किती मयताच्या दारावर गेले? ज्या दिवशी माणूस लागतो त्या दिवशी तो येत नाही, आणि ज्या दिवशी नसला तरी चालतं त्या दिवशी तो तीन पोरं घेऊन पहिल्या पंगतीला बसतो, हा आमच्या गोतावळ्याचा ताळेबंद त्या वर्षाने उघडा केला.

म्हणून आता आपण सुधारलो असू, असं वाटत असेल तर लग्नसराईत उधन्याला या. दबून राहिलेली हौस व्याजासकट बाहेर पडली आहे. डुमसच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचं शूटिंग, मांडवावर ड्रोन, हळदीला डीजे असा की शेजारच्या खात्यातले लूमही लाजून बंद पडावेत. आप्पांनी धाकट्या मुलाच्या लग्नात मुलीच्या वेळची सगळी कसर भरून काढली. कापलेली नावं सन्मानाने परत बोलावली. साडूने बट्टी कच्ची राहिल्याचं सांगितलंही. पतपेढीचा तो कोरा अर्ज कपाटातून निघाला आणि भरला गेला. हप्ते चालू आहेत, आणि साठी ओलांडलेले आप्पा रात्रपाळी करत आहेत.

तेव्हा जिल्हाधिकारी साहेबांना नम्र विनंती, की साथ असो वा नसो, दर वर्षी आखाजीपासून पाऊस पडेपर्यंत पन्नासचा आदेश काढत जावा. महाराष्ट्राचा पन्नास हजारांचा दंडही उसना घ्यावा; पोराच्या बापाला तेवढीच भाषा कळते. अंत्यविधीला मात्र उलटा नियम करावा: वीसपेक्षा कमी आले तर भाऊबंदांना दंड. आणि वाचकहो, सरकारचं काम सावकाश चालतं, त्याची वाट बघू नका. पुढच्या कार्याला वही उघडाल तेव्हा पहिली पन्नास नावं लिहा आणि ती मिटा. बाकीच्यांना फोन करून खुशाल सांगा, ‘वरून आदेश आहे.’ कुठला, ते आपल्या देशात कोणी विचारत नाही.