स्वल्पविरामाचे खजिनदार

हाउसिंग सोसायटीला गळकी गच्ची आणि खजिनदार या दोन गोष्टी इमारतीबरोबरच मिळतात. पैकी गच्ची दुरुस्त होऊ शकते. खजिनदारकाका हे बहुधा कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, काटकसरी आणि बॉलपेनच्या रिफिलचंसुद्धा व्हाउचर करतील इतके सचोटीचे असतात. त्यांना हिशेबाची आवड असते असा सभासदांचा गैरसमज आहे. आवड असते ती आकड्याच्या दिसण्याची. बेरीज काय, कुणीही करतं! ती उजव्या कडेला सरकवून, ठळक करून, दोन दशांश स्थळं देऊन, खाली दुहेरी रेघ ओढून उभी करणं हे काकांच्या लेखी खरं काम.

त्यांच्या कीबोर्डवरचा १ पार पुसला गेलाय. कंट्रोलबरोबर तो दाबला की ‘फॉरमॅट सेल्स’ची खिडकी उघडते, आणि काकांची दुपार त्या खिडकीत बसून जाते.

खरा जीव अडकलाय तो स्वल्पविरामात. तीन लाख अठरा हजार चारशे पन्नास ही रक्कम पडद्यावर ३१८,४५० अशी दिसली की काका चष्मा काढून ठेवतात. हे पाहायची त्यांची इच्छा नसते. नातवाने विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जाऊन दोन मिनिटांत लाख-कोटी आणून दिले होते. पण ती सोय त्या एका लॅपटॉपपुरती. फाइल सचिवांच्या संगणकावर उघडली की स्वल्पविराम पुन्हा साहेबी! मग काकांनी स्वतःच कस्टम फॉरमॅट लिहिलं. आकडा कोटीच्या वर असेल तर असे गट पाड, लाखाच्या वर असेल तर तसे, उरलेल्यांना नेहमीसारखं. हॅश, उलट्या तिरक्या रेघा आणि अर्धविरामांची ती ओळ त्यांनी वहीत उतरवून ठेवलीय आणि रामरक्षेसारखी तोंडपाठ केलीय. अडचण एकच राहिली. एक्सेल अशा दोनच अटी ऐकून घेतं. वजा आकडे दोन्ही अटींतून निसटून ‘उरलेल्यां’त जाऊन पडतात, आणि तिथे तीन-तीनचे गट. त्यामुळे आमच्या सोसायटीची शिल्लक भारतीय आणि तूट अमेरिकन असते.

आमच्याकडे फ्लॅटचे नंबर इमारत आणि फ्लॅट मिळून आहेत, ५-१२ असे. काकांनी ते थकबाकीच्या यादीत टाइप केले आणि एक्सेलने त्याचं परस्पर ५ डिसेंबर करून टाकलं. काकांनी चिडून तिथे ‘नंबर’ फॉरमॅट लावलं, तर उमटलं ४५६३१. यादी तशीच फलकावर लागली. पाचव्या इमारतीतले गृहस्थ एवढी थकबाकी कुठून आली हे विचारायला बनियनवरच खाली आले. काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि समजावलं: ही थकबाकी नाही, हे दिवस आहेत. एक्सेल १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजत येतं. त्यातही १९०० साली २९ फेब्रुवारी नव्हताच, पण लोटस १-२-३ मध्ये तो होता, म्हणून त्याच्याशी जुळावं यासाठी एक्सेलने ही चूक तशीच ठेवली.

“म्हणजे माझ्याकडे एक दिवस जास्तीचा निघतो?” गृहस्थांनी विचारलं.

“तुम्ही तरी नशीबवान. जनुकांच्या नावांच्या तारखा व्हायला लागल्या, म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० साली नावंच बदलली. मोठमोठे शास्त्रज्ञ नमले, आणि तुम्हाला फ्लॅटमधली एक आडवी रेघ सोडवत नाही!”

एका बाबतीत मात्र मी काकांच्या बाजूने आहे. खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं एक्सेल गिळून टाकतं, आणि सोळा आकडी नंबर भरला तर शेवटच्या अंकाचं शून्य करतं, तेही एका शब्दाने न सांगता. काका अशा ठिकाणी आधी सेल ‘टेक्स्ट’ करून घेतात. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण उगवतो, त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि एका वर्षी ती जवळपास एका रुपयात बुडाली. काकांनी पत्रकातले पैसे नकोत म्हणून दशांश स्थळं काढून टाकली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी पेन्सिलीने बेरीज केली आणि उभ्या राहिल्या. एक रुपया जुळत नव्हता. पडद्यावर १.४ चा १ दिसतो, दोन एक मिळवले तर दोन व्हायला हवेत, पण एक्सेल आतून २.८ धरतं आणि ३ दाखवतं. एवढं साधं. पण काका घाईत म्हणाले, “बाई, पैसे आत आहेत, फक्त दिसत नाहीत.”

त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलं नाही. पार्किंगपासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळे विषय निघाले. शेवटी नवा खजिनदार कोण होतो असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा सभागृहात विलक्षण ऐक्य दिसलं आणि काका बिनविरोध निवडून आले.

पुढच्या हिशेबाच्या वेळी लेखापरीक्षक अडले. कॉलममधले आकडे आणि खालची बेरीज यांत तीन लाखांहून अधिक फरक येत होता. मधली एक चौकट रिकामी दिसत होती. तिच्यावर त्यांनी क्लिक केलं, तर वरच्या पट्टीत आकडा उमटला, वजा चिन्हासकट. फॉरमॅट उघडलं, तर त्यात नुसते तीन अर्धविराम. ते घातले की आकडा जागेवर राहतो, बेरजेत धरला जातो आणि दिसत मात्र नाही.

सचिवांना घाम फुटला. लेखापरीक्षकांनी पेन खाली ठेवून विचारलं, “तूट लपवलीत?”

“लपवायची कशाला? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची आहे, मिनिटबुकात ठराव आहे, सगळ्या सभासदांना ठाऊक आहे,” काका म्हणाले. “पण छापली की ३१८,४५० अशी यायची हो. अशा अवस्थेत मी तिला चारचौघांत नेणार नाही.”