पोर आंदोलनाला बसल्यास काय करावे?

(जासई व पंचक्रोशीतील पालकांसाठी मार्गदर्शक सूचना)

पोर रडते, पाय आपटते, दुकानासमोर आडवे पडते. अशा वेळी गोंधळून जाऊ नये. घर हेही एक प्रशासनच आहे. तुम्ही जमीन घेणारी सिडको आणि पोर प्रकल्पग्रस्त, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या या गावात प्रशासन कसे वागते हे शिकायला कुणाला बाहेर जावे लागत नाही.

१. निवेदनाची दखल घेऊ नये. पोर आधी पदर ओढते, "आई, ऐक ना" म्हणते. त्यावर "बघू" म्हणावे. "बघू" हा अस्सल सरकारी शब्द आहे, त्याला तारीख नसते.

२. वेगवेगळ्या नोंदी ठेवू नयेत. मराठीत पोर रुसते, फुगते, हिरमुसते, मुसमुसते, बावरते, धुसफुसते, भोकाड पसरते. एवढे रकाने भरणार कोण? सगळ्यांवर एकच शिक्का मारावा: हट्टी. उरण रस्त्यावर ट्रेलरच्या हॉर्नने दचकून बिलगलेले, हळदीच्या डीजेत मध्यरात्री झोपेने किरकिरणारे, मावसभावाची नवी सायकल पाहून कोपऱ्यात गेलेले, तिन्ही पोरे हट्टीच.

३. बंदोबस्त मागवावा. "गप्प बस, नाहीतर पोलीस नेतील!" इतर गावांत हा उपाय हमखास. जासईत मात्र आजोबा ओटीवर नाहीत ना, हे आधी पाहून घ्यावे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर या भागात पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. ते दिवस पाहिलेल्या म्हाताऱ्याला ही धमकी गमतीची वाटत नाही.

४. मोबदला द्यावा. बंदोबस्त फसला की चॉकलेट, चॉकलेट फसले की मोबाइल. दर रोज वाढतो, याची तयारी ठेवावी. कारण मागून मिळत नाही, आडवे पडल्यावर मिळते, हे पोराला दोन-तीन दिवसांत कळते. त्याला दोष देऊ नये. त्याच्या आजोबांनाही साडेबारा टक्क्यांचे विकसित भूखंड नुसत्या अर्जावर मिळाले नव्हते.

५. वरील सर्व उपाय थकल्यास पोराच्या भावनेला नाव द्यावे. ही सूचना शेवटी ठेवली आहे, कारण तिला पैसे लागत नाहीत आणि फुकटच्या औषधावर कुणाचा विश्वास बसत नाही. कामातून दोन मिनिटे काढून खाली बसावे, पोराच्या डोळ्यांना डोळे भिडवावेत आणि विचारावे, "राग आला? का भीती वाटली?" समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग थंडावतो, असे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांना २००७ च्या एका प्रयोगात दिसले. तो प्रयोग मोठ्यांवर होता. लहानांवर तो आपल्या आज्या "घाबरलं का माझं बाळ?" म्हणत केव्हापासून करत आल्या आहेत.

नाव दिले म्हणजे मागणी मंजूर झाली, असे मात्र नाही. "सायकल आत्ता नाही मिळायची. पण वाईट वाटलं ना तुला?" एवढे म्हणता येते. पोर तरीही रडेल. रडू द्यावे, जवळ बसावे. रडणे संपले की ते आपणहून सांगू लागते, आणि तेव्हा "बघू" म्हणू नये.

नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून १० जून २०२१ रोजी इथल्या माणसांनी मानवी साखळी धरली आणि २४ जूनला सिडको भवनाकडे मोर्चा नेला. नावात काय असते, हे या गावाला दुसऱ्याने सांगायला नको. पोराच्या रागाला नाव द्यायला तर मोर्चाही काढावा लागत नाही.